क्रूझचा सफर आणि व्हिसा : बोटीवर चढण्याआधी कुटुंबाने काय काय तपासावे?

शाळांना सुट्ट्या लागायच्या सुमारास सिंगापूर, दुबई, तुर्कीच्या क्रूझच्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. ‘चार रात्री, पाच दिवस, जेवणासकट’ हे मोठ्या अक्षरात असते. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची राहील.’ आपले लक्ष वरच्या ओळीकडे जाते आणि पैसे अडकतात ते खालच्या ओळीमुळे. कारण कागद अपुरे असतील तर क्रूझ कंपनी बंदरावरच थांबवते आणि बहुतेक वेळा भाडेही परत मिळत नाही. अम्मी-अब्बांसह आठ जणांचे कुटुंब निघाले असेल आणि एकाचाच व्हिसा चुकीचा निघाला, तर प्रश्न सगळ्यांचा होतो.

हा लेख भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. मार्गानुसार कोणता व्हिसा लागतो, कुठे चूक होते आणि एजंटला काय विचारायचे, हे एका ठिकाणी दिले आहे.

आधी मूळ गोष्ट : बोट एक, सरहद्दी अनेक

आपल्या बुजुर्गांच्या आठवणीतला समुद्रप्रवास वेगळा होता. मुंबईहून हजला जाणारी जहाजे १९९५ पर्यंत चालू होती. मुंबईत चढायचे आणि जेद्दाहला उतरायचे, म्हणजे एकच मुक्काम आणि एकच देश. हाजींकडे पासपोर्टऐवजी हजसाठीचा खास पिलग्रिम पास असे. क्रूझचे तसे नाही. पाच दिवसांत बोट तीन देशांच्या बंदरांना लागते आणि पुन्हा पहिल्या बंदरात येते. प्रत्येक बंदर ही त्या देशाची सरहद्द असते. विमानाने गेलो असतो तर त्या देशाचा जो कागद लागला असता, तोच साधारणपणे बोटीनेही लागतो.

इथे दोन गैरसमज फार चालतात.

पहिला : ‘आम्ही बोटीवरून उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला?’ प्रवाशांची यादी बोट पोहोचण्याआधीच त्या देशाच्या इमिग्रेशनकडे जाते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणला तर बऱ्याच देशांत जहाज कंपनीला दंड होतो. म्हणून मार्गातल्या बंदरासाठी व्हिसा लागत असेल, तर उतरा किंवा उतरू नका, चेक-इनच्या वेळी तो मागितला जातो. काही बंदरांत क्रूझ प्रवाशांना सवलत असते. पण ती आहे की नाही, हे कंपनीने लेखी सांगितले तरच धरायचे.

दुसरा : ‘कागद बोटीवर होऊन जातील.’ निर्णय बोटीवर होत नाही. तो बंदरावरच्या काउंटरवर, बोट सुटण्याआधी होतो. त्याही आधी मुंबई विमानतळावर विमान कंपनीचे लोक कागद बघतात.

सिंगल एंट्री की मल्टिपल एंट्री?

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. समजा आपण विमानाने सिंगापूरला उतरलो. ही झाली पहिली एंट्री. दोन दिवस फिरून क्रूझवर चढलो, म्हणजे सिंगापूर सोडले. बोट पेनांग आणि फुकेतला जाऊन पुन्हा सिंगापूरला आली. ही झाली दुसरी एंट्री. व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तो पहिल्याच दिवशी संपलेला असतो.

‘क्रूझ टू नोव्हेअर’ म्हणजे कुठल्याच बंदराला न लागता समुद्रात फिरून परत येणारी सफर. तिथेही हाच हिशोब. देश सोडला आणि परत आलो, म्हणजे नवी एंट्री.

म्हणून घरी बसून एक कागद घ्या. आपण कोणत्या तारखेला कोणत्या देशात शिरणार, ते एकाखाली एक लिहा. विमानाने शिरणे आणि बोटीने परत येणे, दोन्ही मोजा. ज्या देशाचे नाव दोनदा आले, तिथे मल्टिपल एंट्री हवी. मुलांनाही हे करायला लावा, भूगोलाचा अभ्यास होतो आणि चूकही पकडली जाते.

मार्गानुसार काय लागते?

*मुंबई–गोवा–लक्षद्वीप*
हा देशांतर्गत प्रवास आहे. पासपोर्ट किंवा व्हिसा लागत नाही. आधारसारखे सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत न्यायचे. लक्षद्वीपसाठी मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढते की आपण काढायचा, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. हीच कंपनी पुढे श्रीलंकेची सफर देत असेल तर तो परदेश प्रवास झाला. पासपोर्ट आणि श्रीलंकेची ऑनलाइन प्रवास परवानगी यांचा नियम तेव्हा तपासायचा.

*सिंगापूर–मलेशिया–थायलंड*
आपल्याकडून सर्वांत जास्त विचारणा याच मार्गाची होते. सिंगापूरसाठी भारतीयांना आधी व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन होतो, साधारणपणे प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत अर्ज करायचा. व्हिसा हातात आला की त्यावर मल्टिपल लिहिले आहे का, हे स्वतः वाचा.

याशिवाय सिंगापूरचे अरायव्हल कार्ड असते. ते येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे, त्याला पैसे पडत नाहीत. लक्षात घ्या, विमानाने येताना एकदा आणि क्रूझवरून परतताना पुन्हा एकदा, असे ते दोन वेळा भरावे लागते. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांपर्यंतची माफी दिली. दोन्ही देशांची डिजिटल कार्डे आहेत आणि तीही तीन दिवस आधी भरायची असतात. थायलंडचे कार्ड १ मे २०२५ पासून सुरू झाले. या माफ्या सरकारी सवलती आहेत, त्या बदलू शकतात. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, निघण्याच्या महिन्यातला नियम बघा.

कार्ड भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइटही आहेत. त्या त्या देशाच्या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवरच जा.

*दुबई–अबुधाबी आणि आखाती बंदरे*
बोट दुबईहून निघून मस्कत, दोहा किंवा बहरीनला जाते आणि दुबईला परतते. म्हणजे अमिरातीत दोन वेळा प्रवेश. इथे मल्टिपल एंट्रीचा टुरिस्ट व्हिसा मागा. नेहमीचा स्वस्त व्हिसा सिंगल असतो आणि एजंट न विचारता तोच काढून देतो. ओमान, कतार, बहरीन यांचे नियम प्रत्येकाचे वेगळे आहेत. मधल्या प्रत्येक बंदराचे नाव घेऊन विचारा. अमिरातीत राहणाऱ्या भाऊ-बहिणीकडे रेसिडन्सी व्हिसा असेल तर त्यांचा परतीचा प्रवेश त्यावर होतो, आपला होत नाही.

*जेद्दाह आणि तांबडा समुद्र*
सौदी अरेबियाची अरोया ही क्रूझ डिसेंबर २०२४ मध्ये जेद्दाहून सुरू झाली. तेव्हापासून ‘क्रूझसोबत उमराह होईल का?’ असा सवाल येतो. सौदीच्या टुरिस्ट व्हिसावर हजचा मोसम सोडून उमराह करता येतो, त्यासाठी नुसुक अॅपवरून परमिट घ्यायचे. या व्हिसावर हज करता येत नाही. उलट उमराहचा व्हिसा घेऊन क्रूझवर जायचा विचार करू नका. तो साधारणपणे सिंगल एंट्रीचा असतो. बोट इजिप्त किंवा जॉर्डनच्या बंदराला लागून जेद्दाहला परतली की दुसरी एंट्री लागते.

सौदीचा ऑनलाइन ई-व्हिसा प्रत्येक भारतीयाला मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू आणि एकदा तरी वापरलेला व्हिसा असेल, किंवा आखाती देशात रहिवास असेल, तर मार्ग सोपा होतो. बाकीच्यांनी व्हिसा केंद्रामार्फत अर्ज करायचा. उमराहची नियत पक्की असेल तर उमराहचा सफर आणि क्रूझ वेगवेगळे ठेवणेच कुटुंबाला सोयीचे पडते.

*युरोप आणि तुर्की*
बार्सिलोना, रोमजवळचे चिवितावेक्किया, अथेन्सचे पिरेयस इथून भूमध्य समुद्रातल्या क्रूझ निघतात. स्पेन, इटली, फ्रान्स, ग्रीस यांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. बोट शेंगेनच्या बाहेर गेली की हिशोब बदलतो. तुर्कीचे इस्तंबूल किंवा कुशादासी, मॉन्टेनेग्रोचे कोटोर, ब्रिटनचे साउथॅम्प्टन ही बंदरे शेंगेनबाहेर आहेत. मध्ये यांपैकी एखादे असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल हवा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला आहे, त्यामुळे जुने लेख वाचताना सावध राहा. नॉर्वे शेंगेनमध्ये असला तरी त्याचे स्वालबार्ड बेट नाही, तिथून परतणे म्हणजे पुन्हा एंट्री.

शेंगेनच्या मुख्य अटी अशा :
• पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू, १० वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पाने.
• किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा.
• अर्ज प्रवासाच्या ६ महिने ते १५ दिवस आधी. सुट्टीच्या मोसमात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.
• फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ.
• अर्ज त्या देशाकडे, जिथे जास्त दिवस राहणार. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार.

तुर्कीचा ई-व्हिसा भारतीयांना तेव्हाच मिळतो जेव्हा शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा रहिवास परवाना असेल. हा ई-व्हिसा सिंगल एंट्रीचा असतो. बोट इस्तंबूलहून निघून ग्रीसला गेली आणि परत कुशादासीला लागली तर तुर्कीची दुसरी एंट्री झाली. क्रूझ प्रवाशांना बंदराच्या शहरात ७२ तासांपर्यंत व्हिसाविना फिरू देण्याची तरतूद तुर्कीच्या कायद्यात आहे, पण ती गृहीत धरून तिकीट काढू नका. आपल्या बोटीला ती लागू आहे का, हे कंपनीला विचारा.

*अमेरिका आणि कॅनडा*
अलास्काची क्रूझ सिएटलहून निघते तेव्हा ती वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला लागते. कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या बोटीला मध्ये परदेशी बंदर घ्यावेच लागते. म्हणून भारतीयांना अमेरिका आणि कॅनडा असे दोन्ही व्हिसा लागतात. व्हँकुव्हरहून निघाले तरी तेच.

यूट्यूबवर ‘क्रूझला पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला चालतो’ असे सांगणारे व्हिडिओ आहेत. ती सवलत अमेरिकेच्या नागरिकांना आहे, तीही त्याच बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या ठराविक क्रूझवर. आपल्याला तिचा उपयोग नाही.

पासपोर्टवरचे नाव : आपल्या समाजात इथे गाडी अडते

आपल्याकडे बऱ्याच जणांच्या, विशेषतः ज्येष्ठ महिलांच्या पासपोर्टवर एकच नाव असते. आडनावाची जागा कोरी असते. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले की पासपोर्टवर एकच नाव असलेल्या व्हिजिट किंवा टुरिस्ट प्रवाशाला प्रवेश नाही. पुढे खुलासा झाला की मागच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते धरले जाईल. तरी दादी-नानींचे पासपोर्ट आजच उघडून बघा. आडनाव कोरे असेल तर पासपोर्ट रीइश्यू करून घालून घेणे चांगले. त्याला वेळ लागतो, म्हणून ते बुकिंगच्या आधी करायचे काम आहे.

दुसरी अडचण स्पेलिंगची. मोहम्मद आणि मोहम्मदचे संक्षिप्त रूप, शेख आधी की शेवटी, बी आणि बेगम, हे सगळे पासपोर्टवर जसे असेल अगदी तसेच व्हिसा, विमान तिकीट आणि क्रूझ बुकिंगवर हवे. आधार कार्डवर काय आहे, ते इथे चालत नाही. एजंटला नाव फोनवर सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा.

मुदतही बघा. बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवास संपल्यानंतर सहा महिने चालणारा पासपोर्ट मागतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. आई-वडिलांचे चालू आणि मुलाचा संपत आलेला, असे घरोघरी होते.

हिजाब आणि व्हिसाचा फोटो

धार्मिक कारणाने रोज डोके झाकत असाल तर शेंगेन, अमेरिका, सिंगापूर या सर्वांच्या फोटोत स्कार्फ चालतो. अट एवढीच की हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, सावली पडता कामा नये. नकाब चालत नाही. अमेरिकेच्या फोटोत चष्मा काढावा लागतो. फोटोग्राफरला देशाचे नाव सांगा, कारण आकार वेगवेगळे असतात.

ईसीआर पासपोर्ट असेल तर?

ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी, त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असू शकते. अमिरात, सौदी, मलेशिया, थायलंड हे ईसीआरच्या १८ देशांच्या यादीत आहेत, त्यामुळे लोक घाबरतात. पण ही एमिग्रेशन मंजुरी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. फिरायला जाणाऱ्याला लागत नाही. परतीचे तिकीट, टुरिस्ट व्हिसा आणि क्रूझचे बुकिंग छापून हातात ठेवा आणि विचारले तर शांतपणे दाखवा.

मुले आणि गरोदर महिला

• मूल फक्त आईसोबत, फक्त वडिलांसोबत किंवा दादा-दादींसोबत जात असेल, तर न येणाऱ्या पालकांचे नोटरी केलेले संमतीपत्र आणि जन्मदाखला न्या.
• बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचे बाळ घेत नाहीत, लांब समुद्र ओलांडणाऱ्या सफरीला ही अट एक वर्षाची असते.
• प्रवासात कधीही गरोदरपणाचा २४वा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. डॉक्टरांचे पत्र आधीच घ्या.
• आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही देशांतून भारतात परतताना यलो फीवर लसीचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी ग्राह्य होते.

बॅगेत काय ठेवू नये?

व्हिसा बरोबर असून सामानामुळे अडकलेले लोकही असतात. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या वस्तूंमध्ये येते. घरच्या मसाल्यात किंवा मिठाईत खसखस असेल तर ती घरीच राहू द्या. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका, काहींना आधी परवानगी लागते. सिंगापूरमध्ये गुटखा, खायची तंबाखू, ई-सिगारेट आणि च्युइंगगम नेता येत नाही. घरातल्या शौकीन मंडळींना हे निघण्याआधी स्पष्ट सांगा.

नातेवाईक परदेशी पासपोर्टवर असतील तर

ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, आखात इथे आपल्या कोकणी कुटुंबांचे पिढ्यानपिढ्यांचे नाते आहे. एका केबिनमध्ये दोन पासपोर्ट असतील तर दोन वेगळ्या याद्या करा. ब्रिटिश पासपोर्टवाल्या चुलत भावाला जिथे व्हिसा लागत नाही, तिथे आपल्याला लागतो. ओसीआय कार्ड भारतात येण्यासाठी आहे, दुसऱ्या कुठल्याही देशात ते व्हिसाचे काम करत नाही. परदेशी नागरिक ई-व्हिसावर क्रूझने भारतात येणार असतील तर मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची आणि चेन्नई या बंदरांवर त्याची सोय आहे.

एजंटला पैसे देण्याआधी पाच प्रश्न

१. मार्गातली सगळी बंदरे कोणती, आणि प्रत्येक बंदरासाठी भारतीय पासपोर्टला काय लागते?
२. कोणत्या देशाचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा? आपण तोच काढणार आहात ना?
३. एकाचाही व्हिसा नामंजूर झाला तर किती पैसे परत, कोणत्या तारखेपर्यंत?
४. व्हिसाची फी आणि आपला सर्व्हिस चार्ज वेगळा किती?
५. हवामानामुळे बंदर बदलले तर काय?

उत्तरे व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी घ्या. ‘टेन्शन नका घेऊ, होऊन जाईल’ हे उत्तर नाही. व्हिसाच्या अर्जाला क्रूझचे बुकिंग दाखवावे लागते, म्हणून पूर्ण पैसे भरण्याऐवजी कमीत कमी आगाऊ रक्कम देऊन, रद्द करता येईल असे बुकिंग घ्या.

बोटीवर चढल्यावर

काही मार्गांवर बोटीवाले सर्वांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात आणि शेवटी देतात. घाबरायचे कारण नाही, पावती घ्या. आपल्याजवळ पासपोर्ट आणि व्हिसाची एक छापील प्रत ठेवा, दुसरी मोबाइलमध्ये. बंदरावर उतरताना बोटीचे कार्ड, ही प्रत आणि बोटीच्या एजंटचा स्थानिक फोन नंबर खिशात हवा. परत येण्याची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे पाळा. पासपोर्ट हरवला तर भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण ते भारतात परतण्यापुरतेच असते. पुढची क्रूझ त्यावर होत नाही.

शेवटी वेळापत्रक सोपे ठेवा. सहा महिने आधी सर्वांचे पासपोर्ट उघडून नाव आणि मुदत बघा. तीन महिने आधी शेंगेन, अमेरिका, कॅनडासारखे वेळखाऊ व्हिसा मार्गी लावा, आणि अमेरिका-कॅनडाला त्याहून आधी हात घाला. महिनाभर आधी सिंगापूर, अमिरातीचे व्हिसा. तीन दिवस आधी अरायव्हल कार्डे. आणि प्रत्येक टप्प्यावर त्या देशाची सरकारी साइट एकदा उघडून नियम तोच आहे ना, हे बघा. घरात इंग्रजी वाचणारे शिकलेले मूल असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवा. सर्वांचा सफर आसान होवो, आमीन.